वलंदाजांचा ‘स्लॉइस’ आणि खाडीकाठची उघाडी

वेंगुर्ल्यात डचांच्या, म्हणजे वलंदाजांच्या, वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १६३७च्या सुमारास वलंदाज आदिलशाही मुलखातल्या या बंदरात आले ते व्यापारासाठी आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांची कोंडी करण्यासाठी. मायदेशी समुद्र हटवून शेते कसणारे हे लोक. पण खारे पाणी अडवायला त्यांनी कोकणाला शिकवले, असे कुणी म्हटले तर मानू नये. गोव्यातल्या बांदिवडे ताम्रपटात खाजणाचा, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीचा, उल्लेख येतो, तो त्यांच्या येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधीचा.

पाण्याच्या दाराला डच ‘स्लॉइस’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘एक्स्क्लुझा’, म्हणजे बाहेर रोखलेले पाणी. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द उत्तरेकडे गेला. इंग्रजी ‘स्लूस’ त्याचाच भाऊबंद. शेतातले पाणी समुद्रात सोडणारे दार हाही स्लॉइस, आणि जहाजांना एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दुदारी हौदही स्लॉइसच. नेदरलँड्समधल्या आयमाउडनला २०२२ साली सुरू झालेला असा हौद ५०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे.

कोकणातल्या खाडीकाठाला गरज पहिल्या प्रकाराची. इथे खारबंधाऱ्यात बसवतात ती उघाडी. डचांचे नाव रोखण्यावरून आले, आपले उघडण्यावरून. दाराला मात्र दोन्ही कामे करावी लागतात. वरच्या बाजूने टांगलेली झडप भरतीचे पाणी बाहेरून दाबून बंद करते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी तीच झडप ढकलून वाट काढते. माणूस लागत नाही, इंजिनही नाही. गोव्यात हिला ‘मानस’ म्हणतात.

माणूस लागतो तो देखरेखीला. फळी कुजली, फांदी अडकली किंवा खेकड्यांनी बांध पोखरला की एका उधाणात भातशेती खारी होते आणि ते मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. जोरदार पाऊस आणि भरती एकदम आली तर धड उघाडीही हतबल, पाणी तुंबते. १९४८ आणि १९७९च्या कायद्यांनी सरकारने खारजमिनींच्या बांधांत लक्ष घातले, पण कुजकी फळी आधी दिसते ती काठच्या शेतकऱ्यालाच.

गोव्यात मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला कोळंबीसाठी भरतीचे पाणी आत हवे असते, भात लावणाऱ्याला बाहेर. मग दार कधी उघडायचे यावरून वाद पेटतो.