अडीच टन बर्फ आणि मी

'अगं, घ्यायचंच तर मोठं घेऊ या. तीस इंची! दोन फेऱ्या मारल्या की काम फत्ते,' हे म्हणाले. दुकानातल्या मुलानेही लगेच मान डोलावली. तो पहिल्यापासून बोलत होता तो फक्त ह्यांच्याशीच. मशीन चालवणार होते मी, पण ते त्या दोघांच्याही गावी नव्हतं!

मशीन म्हणजे स्नोब्लोअर, बर्फ उडवायचं यंत्र. आम्ही राहतो न्यूयॉर्क राज्यात. पण त्या टोलेजंग इमारतींच्या शहरापासून मोटारीने पाच-सहा तासांवर, रॉचेस्टरला. जवळच लेक ओंटारियो. हिवाळ्यात थंडगार वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येतो, वाटेत वाफ उचलतो आणि आमच्या अंगणात बर्फ ओततो. वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास! सांगलीत वाढलेल्या मला पहिल्या वर्षी केवढं अप्रूप. फोटो काढकाढून माहेरी पाठवले. नंतर कळलं, फोटोत छान दिसतं ते सकाळी सातच्या आत उपसावंही लागतं.

आमचा ड्राइव्ह-वे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची डांबरी वाट, दीडशे फूट लांब आणि बारा फूट रुंद. मुलगा घरी होता तोवर बापलेक फावड्याने ती साफ करायचे. तो नोकरीसाठी गेला आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. फावडं तिथेच टाकून घरात आले, चेहरा पांढराफटक. दोन स्टेंट टाकावे लागले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, 'यापुढे फावडं नाही.' थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात श्वास रोखून जड ओझं उचलायचं. हृदयावर एकदम ताण येतो.

किती ओझं? मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळलं, की साधारण एक इंच पाणी होतं. म्हणजे आमच्या वाटेवर सहा इंच बर्फ पडलं, तर ते भरतं अडीच टन! ओलं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. इतकी वर्षं आपण 'अहो, जरा वाट मोकळी करा ना' असं सहज म्हणत होतो, या विचाराने माझाच जीव दडपला.

तर मशीन घ्यायचं ठरलं. मुलाने फोनवर सुचवलं, 'आई, बॅटरीवालं छोटं घे, हलकं असतं.' लहान मशीनचं तोंड अठरा ते बावीस इंचांचं. त्यातली फिरती पाती जमिनीला घासत बर्फ उचलतात आणि फेकतात. आखूड वाटेला, सहा-आठ इंच बर्फाला ते झकास. पण आमची खरी डोकेदुखी असते वाटेच्या तोंडाशी. रस्ता साफ करणारा नगरपालिकेचा ट्रक जाता जाता तिथे घट्ट, ढेकळांचा बांध घालून जातो. त्यापुढे छोटं मशीन हात टेकतं, आणि लांब वाटेवर बॅटरीही अर्ध्यातच मान टाकते.

म्हणून घ्यायचं ते टू-स्टेज. यात पुढचं मळसूत्री पातं बर्फ ओढून फोडतं आणि मागचा पंखा नळकांड्यातून ते लांब भिरकावतं. चाकं इंजिनावर चालतात, ढकलावं लागत नाही. खडीच्या वाटेलाही हेच बरं. खालच्या घसरपट्ट्या खाली सरकवल्या, की पातं जमिनीपासून वर राहतं आणि खडी उडत नाही.

आता प्रश्न रुंदीचा. बारा फूट म्हणजे 144 इंच. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर दोन इंच चढवायची म्हटलं, तर चोवीस इंची मशीनला सात फेऱ्या, तीस इंचीला सहा. फरक फक्त एका फेरीचा, अडीच-तीन मिनिटांचा! त्या तीन मिनिटांसाठी कितीतरी किलो जास्तीचं धूड हिवाळाभर कोण वळवणार? शिवाय इंजिन तेवढंच आणि तोंड मोठं असेल, तर त्या बांधापाशी तेच आधी गुदमरतं. रुंदीपेक्षा इंजिनाची ताकद बघायची.

मी त्या मुलाला म्हटलं, 'मी वळवून बघू का?' तो गडबडला, पण त्याने जागा करून दिली. तीस इंची धूड वळवताना माझे खांदे भरून आले. चोवीस इंचीच्या हँडलखाली कळ होती. ती दाबली, की त्या बाजूचं चाक सुटतं आणि मशीन आपसूक वळतं. सुरू करायला दोरीही ओढायची नाही. वायर भिंतीतल्या प्लगला जोडायची आणि बटण दाबायचं. 'हेच घ्यायचं,' मी म्हटलं. हे गप्प झाले. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, 'मला वाटलं होतं, मोठं असलं तर मलाही जमेल.' मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

पहिल्याच दिवशी मशीन खाडकन थांबलं. बर्फाखाली गाडलेलं, पिशवीत गुंडाळलेलं वर्तमानपत्र पात्यात अडकलं होतं! अशा वेळी मुद्दाम ठेवलेली नाजूक पिन तुटते आणि मशीनचा गिअर वाचतो. म्हणून चार पिना जास्तीच्या घेऊन ठेवा. आणि काही झालं तरी आत हात घालू नका. इंजिन बंद असलं, तरी अडकलेल्या पात्यात ताण साठलेला असतो; अडथळा सुटताच ते फिरतं. इंजिन बंद करून, पातं थांबल्याची खात्री करून, मशीनसोबत मिळालेल्या काठीनेच काढायचं. मशीन सुरू करायचं तेही गॅरेजबाहेर. धूर विषारी असतो. आणि फूटभर साठायची वाट न बघता दोनदा फिरवावं.

आता आमची कामं वाटली गेली आहेत. आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघणं, पेट्रोल आहे का पाहणं, पिना मोजणं हे ह्यांच्याकडे. आणि सकाळी मी बूट चढवत असते, तेव्हा हे स्वेटर, कोट, टोपी घालून हळूहळू वाटेच्या टोकापर्यंत जातात आणि बर्फातून वर्तमानपत्र हुडकून आणतात. ते हातात उंच धरून दाखवतात, 'कर गं सुरू!'

मग मी बटण दाबते.