उच्च रक्तदाब : हृदय व मूत्रपिंडांवरील आरंभीचे परिणाम

नाणेघाट-भीमाशंकरच्या डोंगररांगांपासून नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यापर्यंत पसरलेल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यास पाण्याच्या दाबाचे गणित नवे नाही. ठिबक संचातील दाब मर्यादेबाहेर गेला की जोड सुटतात, नळ्या फाटतात. शरीरातही असेच घडते. फरक इतकाच की, फाटलेली नळी डोळ्यांना दिसते. रक्तवाहिन्यांची हानी मात्र वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

वेगवेगळ्या दिवशी, स्वस्थ बसवून मोजलेला रक्तदाब वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक आढळल्यास तो उच्च समजला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षे व त्यावरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. तेव्हा हा केवळ शहरातील, बैठे काम करणाऱ्यांचा विकार आहे, हा समज निराधार होय.

हृदयावरील परिणाम

वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होते. ही जाडी बळाची नव्हे, ताणाची खूण आहे. भिंत ताठर झाल्याने हृदय नीट सैल होत नाही व पुढे चढण चढताना धाप लागते. पुष्कळदा हा वयाचा परिणाम मानून दुर्लक्ष केले जाते. हृदयालेख किंवा प्रतिध्वनी तपासणीत हा बदल दिसू शकतो. वेळीच उपचार केल्यास ही जाडी बऱ्याच अंशी कमीही होते.

मूत्रपिंडांवरील परिणाम

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. सततच्या दाबाने त्यांच्या केशवाहिन्या निकामी होऊ लागतात व अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे जाऊ लागते. रक्तातील क्रिएटिनिन मात्र बरीच कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत वाढलेले दिसत नाही. म्हणून लघवीतील अल्ब्युमिनची साधी तपासणी मोलाची ठरते. दुखावलेली मूत्रपिंडे रक्तदाब आणखी वाढवितात आणि हे दुष्टचक्र शेवटी डायलिसिसपर्यंत नेते. आठवड्यातून दोन-तीनदा डोंगराळ गावातून रुग्णालय गाठणे म्हणजे मजुरी बुडणे व कुटुंबाची घडी विसकटणे होय.

उपाय गावातच

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब उपकेंद्रात मोजण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पुढील तपासणीसाठी जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आणि मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. बरे वाटले म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत घातक चूक. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या परस्पर घेण्यानेही मूत्रपिंडांना इजा पोहोचते. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे; लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ यांतील मीठही त्यात धरावे. तंबाखू व मिश्री वर्ज्य करावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेच्या दिवशी तपासणीची सोय करावी, शिक्षकांनी पालक मेळाव्यात हा विषय मांडावा, आणि आशा सेविकांनी औषध सोडलेल्यांच्या घरी पुन्हा जावे. दोन मिनिटांची मोजणी व रोजची एक गोळी एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचवू शकते, हे गावोगावी पोहोचविणे अगत्याचे आहे.