कामगाराच्या तक्रारीला मालकाने उत्तर कसे द्यावे?

वाकडमधील कामगार हिंजवडीपासून चाकणपर्यंत रोजगाराला जातो. नवे काम धरण्याआधी त्या मालकाविषयी जुन्या कामगारांनी काय लिहिले आहे, ते तो मोबाईलवर वाचतो. वाईट मत वाचले की चांगला कारागीर आपल्या वर्कशॉपच्या दारातूनच परत जातो.

पुण्याचे उदाहरण मोठ्या कंपनीचे आहे. धडा मात्र लहान मालकालाही लागू आहे. जुलै २०२४ मध्ये ईवाय कंपनीच्या पुणे कार्यालयातील २६ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाविषयी तिच्या आईने अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये सर्वत्र पसरले. ताणामुळे मृत्यू झाला असे वाटत नाही, असे अध्यक्ष म्हणाले आणि लोक अधिकच संतापले. पुढे तपासणीत, २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले.

म्हणून आमचे सांगणे असे की, रागात उत्तर देऊ नये. लिहिणारा कोण, याचा शोध घेऊ नये. आधी हजेरीपुस्तक व पगाराचा हिशेब तपासावा. ओव्हरटाईमचा दर कायद्याने दुप्पट आहे. तो थकला असेल तर चुकता करावा आणि मग दोन ओळींत तसे लिहावे. तक्रार खोटी असेल तर कामाच्या वेळा व पगाराची तारीख नम्रपणे सांगावी.

वीस किंवा अधिक कामगार असल्यास तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. कमी असले तरी आठवड्यातून एकदा त्यांचे ऐकून घ्यावे. कारखान्यात ऐकलेली तक्रार सहसा चव्हाट्यावर जात नाही.