पाण्याने सांभाळलेली ऊब

निफाड तालुक्यात पौषातल्या निरभ्र रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरू लागला, म्हणजे मण्यांची वाढ खुंटेल, त्यांना तडे जातील, या धास्तीने द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि हवेपेक्षा उबदार असलेले विहिरीचे पाणी वेलींना सोडतात. या दुसऱ्या इलाजामागचे तत्त्व परसातल्या चार रोपांसाठी पाण्याने भरलेल्या बाटल्यांकडूनही राबवून घेता येते.

दिवसा तापलेली भूमी रात्री आपली उष्णता प्रारणरूपाने आकाशात सोडते. ढग असले तर तिचा काही अंश परत येतो, वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळते, परंतु आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला, म्हणजे जमिनीलगतचा थर निवत जाऊन सूर्योदयाच्या सुमारास गारठ्याची पराकाष्ठा होते.

एक लिटर पाणी एका अंशाने तापण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीला तिचा सुमारे पाचवा हिस्सा पुरतो. सबब, उन्हात 25 अंशांपर्यंत तापलेली लिटरभराची बाटली 5 अंशांवर येईतो 20 किलोकॅलरी परत करते; आणि पाणी गोठण्याची वेळ आलीच, तर गोठता गोठता आणखी 80 किलोकॅलरी बाहेर पडतात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात उलगडलेली अप्रकट उष्णता ती हीच. आणि अमेरिकेच्या थंड पहाडी मुलखात टोमॅटोच्या रोपाभोवती पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या उभ्या नळ्यांचे कडे करतात, ते तिच्याच भरवशावर.

मात्र ही पुंजी थोडकी असल्याने तिचा बंदोबस्त चोख हवा. बाटल्यांना काळा रंग द्यावा, गोठताना पाणी फुगते म्हणून त्या काठोकाठ भरू नयेत, दिवसभर ऊन लागेल अशा बेताने रोपाभोवती दाटीने मांडाव्यात, आणि सूर्यास्तापूर्वी त्या सर्वांवरून काठ्यांच्या आधाराने पोते किंवा जुने धोतर जमिनीला टेकेल असे पांघरून, सकाळी ते काढून घ्यावे. पांघरुणावाचून ती ऊब रोपापाशी ठरत नाही, आणि दिवस ढगाळ गेला तर मुळात जमाच होत नाही. एकरभर बागेला हा उपाय पुरणार नाही. वाफ्यातल्या मिरची-वांग्याच्या कोवळ्या रोपांना मात्र पहाटेचे एक-दोन अंशही तारून नेतात.