मुस्तफा : एका खेळाचे लोकनाम

१९९३ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम काढला. त्याचा आधार मार्क शुल्झ यांची ‘झेनोझोइक टेल्स’ ही अमेरिकी चित्रकथामालिका. वाटेत आडव्या येणाऱ्या गुंडांना ठोसे-लाथांनी लोळवत पुढे जायचे, असे याचे आठ टप्पे. आमच्या खेडमध्ये मात्र तेव्हाच्या पोरांना आज विचारले, तर हे लांबलचक नाव कोणालाच आठवत नाही. सगळे म्हणतात, ‘मुस्तफा’. मुंबईच्या पार्लरांतही हेच नाव रूढ होते.

असे का झाले असावे? खेळात नायक चार. जॅक, हॅना आणि मेस ही नावे आपल्या जिभेला परकी. चौथा मुस्तफा कैरो सर्वांत चपळ, म्हणून लाडका. पण मला दुसरे कारण अधिक मोलाचे वाटते. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती असलेल्या खेडमध्ये मुस्तफा हे शेजारचे नाव आहे. मुंबई दंगलींत आणि बॉम्बस्फोटांत होरपळली, त्यानंतरच्या त्या वर्षांत हिंदू घरांतली पोरेही ‘मुस्तफा मी होणार’ म्हणून हट्टाने भांडत.

हा खेळ त्या काळी घरगुती यंत्रांवर आलाच नाही. मूळ सर्किट बोर्डातील ध्वनीचा संकेत बॅटरीवर टिकून असतो. ती संपली की खेळ मुका होतो. जुने बोर्ड जपणारे हौशी लोक आहेत. हे लोकनाम मात्र कुठल्याही बोर्डावर छापलेले नाही, म्हणून त्याची नोंद आपणच करायला हवी.