जखम, घोडी आणि लेसरचा प्रकाश



मागच्या वर्षी तुळशीचे लग्न झाले आणि आपल्या इंदुरात वरातींचा हंगाम सुरू झाला, त्याच आठवड्यातली गोष्ट. सातवीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील फीसाठी मुदत मागायला कार्यालयात आले. वरातीच्या दोन घोड्यांवर त्यांचे घर चालते. त्यातल्या एका घोडीचा मागचा पाय पत्र्यात अडकून गुडघ्याखाली फाटला होता. तीन आठवडे झाले तरी जखम भरत नव्हती आणि हंगाम तर हातातून चालला होता. एक विक्रेता त्यांना लेसरचे छोटे यंत्र दाखवून गेला होता. "रोज पाच मिनिटे उजेड टाका, पंधरा दिवसांत घोडी उभी राहील," असे त्याने सांगितले. यंत्राची किंमत त्यांच्या दोन्ही मुलांच्या वर्षभराच्या फीएवढी होती.

त्यांनी आम्हाला विचारले, "सर, घेऊ का?" आम्ही कुठेतरी अर्धवट वाचलेले होते. त्या जोरावर आम्ही म्हणालो, "नवे विज्ञान आहे, घ्या." ही आमची चूक झाली. ती कशी झाली आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते त्या पालकांच्या संमतीने येथे सांगत आहोत.

लेसरने जखम बरी होते, हे कोणाला सुचले?

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून तयार केला. त्यानंतर काही वर्षांनी, १९६७ च्या सुमारास, हंगेरीतील बुडापेस्ट शहरात एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांना एक शंका आली. या नव्या किरणांमुळे कर्करोग तर होणार नाही ना? त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढले आणि तेथे सौम्य लेसर सोडला. कर्करोग झाला नाही. उलट ज्या उंदरांवर प्रकाश पडला होता, त्यांचे केस लवकर उगवले. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रकाश वापरून पाहिला आणि त्यातून ही उपचारपद्धती सुरू झाली.

प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

हा लेसर कापत नाही, मग करतो काय?

शस्त्रक्रियेचा लेसर एका बिंदूवर इतकी उष्णता देतो की मांस कापले जाते. उपचाराचा लेसर त्यामानाने फारच सौम्य असतो. तो कापत नाही आणि जाळतही नाही. त्याचा प्रकाश लाल असतो किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे आम्हाला आधी 'तरंगदैर्घ्य' आठवते आणि मग मराठीतली 'तरंगलांबी'. या उपचारात ती साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर असते.

लाल प्रकाशच का, हे मुलांनी घरी करून पाहावे. रात्री दिवे मालवून साध्या टॉर्चच्या काचेवर बोटे घट्ट ठेवा. बोटे लालभडक दिसतील. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो, पण त्यातला निळा आणि हिरवा भाग रक्त व मांस शोषून घेतात. लाल भाग थोडाफार आरपार येतो. म्हणून शरीराच्या आत पोहोचायला लाल आणि अवरक्त प्रकाशच उपयोगी.

आत गेल्यावर हा प्रकाश पेशींतल्या तंतुकणिकांपर्यंत पोहोचतो. नववीच्या मुलांना ठाऊक असेल की तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर. तेथे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर असते. त्यात तांबे आणि लोह असते, आणि ते हा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, जास्त तयार होते, सूज उतरायला मदत होते आणि नव्या पेशी लवकर बनतात, असा शास्त्रज्ञांचा प्रमुख तर्क आहे. थोडक्यात, प्रकाश स्वतः जखम भरत नाही. जखम शरीरच भरते, प्रकाश त्याला हात देतो.

मात्रा महत्त्वाची

शेतात खत कमी पडले तर पीक येत नाही आणि जास्त पडले तर जळते. या प्रकाशाचेही तसेच आहे. फार थोडा दिला तर काही होत नाही, फार दिला तर भरणे उलट मंदावते. म्हणून "पाच मिनिटे टाका" या सांगण्याला अर्थ नाही. यंत्राची शक्ती किती आणि जखम केवढी, हे आधी कळले पाहिजे.

नववीच्या वर्गात आम्ही हे गणितच घातले. जखम १० चौरस सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला ४ जूल द्यायचे आहेत असे समजा. एकूण ४० जूल झाले. यंत्र अर्ध्या वॅटचे असेल तर ८० सेकंद लागतील. यंत्र ५ मिलिवॅटचे, म्हणजे खेळण्यातल्या लेसरसारखे असेल, तर त्याच कामाला ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास लागतील. विक्रेत्याच्या यंत्रावर शक्तीचा आकडाच नव्हता.

घोड्याच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत. दाट केस प्रकाश अडवतात, म्हणून ते भादरावे लागतात. चिखल आणि मलम पुसावे लागते. काळी त्वचा प्रकाश जास्त शोषते आणि तापू शकते. यात एक गंमत आहे. जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढऱ्या होणाऱ्या घोड्यांची त्वचा केसांखाली काळीच असते. शिवाय अशा घोड्यांना म्हातारपणी त्वचेच्या गाठी फार होतात, आणि गाठीवर हा प्रकाश टाकू नये असा नियम आहे. गाभण जनावराच्या पोटावरही तो टाकत नाहीत.

घोड्यांवर खरोखर उपयोग होतो का?

घोड्याच्या पायाची रचना येथे लक्षात घ्यावी. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात. हाड, कंडरा आणि त्वचा, एवढेच. रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे तेथील जखम सावकाश भरते, आणि कित्येकदा जखमेच्या कडांवर फाजील मांस वाढून बसते. शर्यतीच्या आणि खेळाच्या घोड्यांत कंडरा दुखावणे नेहमीचेच. ती बरी व्हायला महिनोन् महिने लागतात. पायाच्या मागची कंडरा त्वचेच्या अगदी जवळ असते, म्हणून प्रकाश तेथे पोहोचू शकतो. खोलवरच्या सांध्यापर्यंत तो पोहोचणे कठीण.

आता पुरावा पाहू. घोड्यांच्या जखमांवरचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लेसर दिलेल्या आणि न दिलेल्या जखमा भरण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१८ साली खेळाच्या १५० घोड्यांच्या कंडरा व अस्थिबंधांच्या दुखापतींवर जास्त शक्तीचा लेसर वापरल्याचा अहवाल आला. त्यात चांगली सुधारणा नोंदवली होती. पण तुलनेसाठी लेसर न दिलेला गट त्यात नव्हता, आणि विश्रांतीनेही असे घोडे सुधारतातच.

कुत्र्यांचेही असेच. पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या ३६ कुत्र्यांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. लेसर मिळालेली कुत्री साधारण साडेतीन दिवसांत चालू लागली, इतरांना चौदा दिवस लागले. सगळ्यांना आनंद झाला. मग २०१७ साली तशाच कुत्र्यांवर दुसरा अभ्यास झाला आणि त्यात फरक दिसला नाही.

म्हणजे हे सगळे खोटे आहे का? नाही. माणसांत एका ठिकाणी याचा आधार पक्का आहे. कर्करोगाच्या किरणोपचाराने तोंडात होणारे फोड टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ या प्रकाशाची शिफारस करतात. जनावरांत मात्र कोणत्या दुखापतीला, कोणती तरंगलांबी आणि किती जूल, हे अजून ठरायचे आहे. "उपयोग होऊ शकतो" आणि "उपयोग होतोच" यात जे अंतर आहे, ते विक्रेता एका वाक्यात ओलांडतो. त्या दिवशी आम्हीही ते तसेच ओलांडले.

पुढे काय झाले?

त्या पालकांनी आमच्या शब्दावर यंत्रासाठी बयाणा दिला. सुदैवाने उरलेले पैसे जमेपर्यंत चार दिवस गेले. तेवढ्यात विद्यार्थ्याच्या आईने आग्रह धरला, की आधी घोडी महूला दाखवू. महू म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर. तेथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, तेव्हा आत पत्र्याचा नखाएवढा तुकडा निघाला. तो आत असेपर्यंत जगातला कोणताही प्रकाश ती जखम भरू शकला नसता. डॉक्टरांनी फाजील मांस काढले, पट्टी बांधली आणि धनुर्वाताची लस दिली. धनुर्वात घोड्यांना फार लवकर होतो. दोन महिन्यांनी घोडी चालू लागली. तोवर हंगाम निम्मा संपला होता. बयाणा परत मिळाला नाही. फीला विश्वस्त मंडळाने मुदत दिली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

आम्ही डॉक्टरांना विचारले, "लेसर वाईट का?" ते म्हणाले, "वाईट नाही हो, पण त्याचा नंबर शेवटचा. आधी निदान, मग सफाई, मग विश्रांती, आणि मग वाटल्यास लेसर."

लक्षात ठेवण्यासारखे

घरी जनावर असो वा नसो, असे यंत्र कोणी दाखवले तर चार प्रश्न विचारावेत. दुखापतीचे निदान पशुवैद्याने केले आहे का? यंत्राची तरंगलांबी आणि शक्ती किती? या दुखापतीसाठी मात्रा कोणी ठरवली? डोळ्यांसाठी त्याच तरंगलांबीचा चष्मा सोबत आहे का?

शेवटचा प्रश्न मुलांसाठीही आहे. अवरक्त प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. दप्तरात लेसरचे खेळणे आणून मित्राच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याच्या डोळ्यांवर मारणे ही गंमत नव्हे. या सत्रापासून शाळेत अशा वस्तू आणण्यास मनाई आहे.

आणि आमच्यासाठी धडा एवढाच, की मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून दिलेले उत्तर लोक खरे मानतात. जे नीट ठाऊक नाही त्याला "विचारून सांगतो" म्हणावे. त्यात कमीपणा काही नाही.

सर्वांना शुभेच्छांसह,
मुख्याध्यापक