मरळ, बेडूक आणि गळ

आमच्या नववी-दहावीच्या मुलांच्या मोबाईलवर हल्ली मासेमारीचे व्हिडिओ फार दिसतात. थंड समुद्रात, खाडीच्या तोंडाशी, छोट्या होडीतला माणूस शिशाचा चकचकीत खोटा मासा दोरीने तळापर्यंत सोडतो, हात वर-खाली करून तो नाचवतो आणि हॅलिबट नावाचा चपटा मासा वर ओढतो. कोकणात मिळणारा भाकस त्याचाच भाऊबंद.

नांदेड-लातूरला समुद्र नाही, पण गोदावरी आहे, मांजरा आहे, विष्णुपुरीचा शंकरसागर आहे; आणि गळाला लागणारी मरळ आहे. काटे कमी, म्हणून आपल्या घरांत आजाऱ्यासाठी तिचा रस्सा आवर्जून होतो.

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तलावात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळानंतर तलाव भरला तरी रोहू-कटल्याचे बीज पुन्हा बाहेरूनच आणावे लागते. मरळीचे तसे नाही. पावसाळ्यात ती काठच्या उथळ गवतात स्वतःच वीण करते. लालसर पिलांचा थवा पाण्यावर तरंगतो आणि खाली आई-बाप राखण करतात.

जुने गळवाले नेमके हेच हेरतात. थव्याजवळ गळ पडला की भूक नसतानाही राखणारी मरळ त्यावर झेपावते. एक मरळ हाती येते आणि शेकडो पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. समुद्रात आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आमच्या मते तलावाकाठच्या हौशी गळवाल्यांनीही निदान पिलांचा थवा दिसला की गळ गुंडाळावा.

दुसरी गोष्ट आमिषाची. मरळीसाठी कित्येक जण जिवंत बेडूक पाठीतून गळाला टोचतात आणि तो हातपाय मारीत असतानाच पाण्यात फेकतात. सुनन अबू दाऊदमध्ये नोंद आहे की, एका हकिमाने औषधासाठी बेडूक वापरण्याबद्दल विचारले, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी बेडूक मारण्यास मनाई केली. औषधासाठी जे मना, ते रविवारच्या करमणुकीसाठी कसे चालेल? शिवाय शेतातली कीड खाणारा प्राणी म्हणूनही बेडूक शेतकऱ्याच्या कामाचा. बाजारात रबरी बेडूक मिळतो. तो पाणवनस्पतींवरून टुणटुण ओढला की मरळ त्यावरही तितक्याच त्वेषाने येते. त्या व्हिडिओतला शिशाचा मासा आणि हा रबरी बेडूक, युक्ती एकच.

माशाला जबह लागत नाही. सूरह माइदाच्या 96 व्या आयतीत पाण्यातली शिकार हलाल ठरवली आहे. आपोआप मरून उलटा तरंगणारा मासा मात्र हनफी घरांत खात नाहीत. कोकणातल्या शाफई घरांत मत वेगळे आहे. मरळ हवेतही श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ तडफडत राहते. पिशवीत घालून घरापर्यंत तशीच नेण्यापेक्षा काठावरच डोक्यावर एक घाव घालून तिची सुटका करावी.

आणि ट्रकच्या ट्यूबवर बसून धरणात जाणाऱ्या पोरांना घरच्यांनी सरळ अडवावे. मरळ असते काठच्या गवतात, मधल्या खोल पाण्यात नव्हे.